घरातली रविवर्मा तसबीर: छपाई जुनी की नवी हे ओळखावं कसं, आणि ती टिकवावी कशी

देवघराच्या भिंतीवर सागवानी चौकटीतली लक्ष्मी, खाली कोपऱ्यात ‘रविवर्मा’ अशी इंग्रजी सही, आणि घरातल्या मोठ्यांची खात्री की ‘ही ओरिजिनल आहे’. अशा तसबिरींपैकी काही खरोखरच शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या शिळाछपाईच्या असतात. काही कॅलेंडरातून कापून मढवलेल्या असतात. काही अगदी अलीकडे, मुद्दाम जुन्या दिसतील अशा छापून जुन्या चौकटीत बसवलेल्या असतात. सही तिन्हींवर सापडते, कारण ती चित्राबरोबरच छापली जाते. तेव्हा सहीकडे बघण्यात वेळ घालवू नका. ठिपका बघा.

आपल्या हातात नेमकं काय असू शकतं, ते आधी समजून घेऊ. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांची मूळ तैलचित्रं संस्थानिकांनी आणि बड्या धनिकांनी करवून घेतली. सयाजीराव गायकवाडांसाठी काढलेली पौराणिक चित्रं आजही बडोद्यातच आहेत. सामान्य घरात मूळ तैलचित्र सापडण्याची शक्यता जवळपास नाहीच. घराघरांत पोचली ती छापील चित्रं. १८९४ साली गोवर्धनदास खटाव माखनजी यांच्या भागीदारीत मुंबईत छापखाना सुरू झाला. जर्मनीहून यंत्रं आणि तंत्रज्ञ आणले गेले आणि ‘शकुंतला जन्म’ हे चित्र पहिल्यांदा छापून बाहेर पडलं. पुढे मुंबईत प्लेग आला, कामगार मिळेनासे झाले. १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत रविवर्मांनी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला, आणि त्यांच्या मृत्यूनंतरही तो कित्येक दशकं चालू होता. त्यामुळे ‘रविवर्मा प्रेस’ असं छापलेलं प्रत्येक चित्र रविवर्मांच्या कुंचल्यातून उतरलेलं नसतं. छापखान्याच्या नंतरच्या मालात इतर चित्रकारांची पुष्कळ चित्रं आहेत आणि ती रविवर्मांच्याच नावावर खपतात.

ठिपका कसा बघायचा

साहित्य फार लागत नाही. सोनार वापरतात तसं दहापट भिंग, जमल्यास तीस किंवा साठपट दाखवणारं छोटं खिशातलं सूक्ष्मदर्शक, एक साधा टॉर्च, आणि ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च. नोटा तपासायला मिळणारे स्वस्त जांभळे टॉर्च बहुतेक ३९५ नॅनोमीटरचे असतात. त्यांचा जांभळा उजेडच इतका पडतो की कागदाची चमक वेगळी कळत नाही.

भिंग डोळ्याला अगदी लावून धरा आणि चित्राच्या जवळ जा. भिंग चित्रावर ठेवून लांबून बघितलं तर काही दिसत नाही. आधी गाल, मग दंड, मग आकाश बघा. सावकाश चढत-उतरत जाणाऱ्या छटा या तीन ठिकाणी असतात आणि छपाईची पद्धत तिथेच उघडी पडते.

जुन्या रंगीत शिळाछपाईत प्रत्येक रंगाला वेगळी शिळा लागे. बव्हेरियातल्या सोलनहोफेनचा बारीक पोताचा चुनखडी दगड त्यासाठी नावाजलेला होता. कारागीर मूळ चित्र समोर ठेवून त्या दगडावर तेलकट शाईने हातानेच ठिपके देई. गाल गुलाबी दिसायचा तर गुलाबीच्या शिळेवर ठिपके दाट, पिवळ्याच्या शिळेवर विरळ. एका चित्रासाठी दहा-बारा, कधी त्याहूनही जास्त शिळा होत. भिंगाखाली म्हणूनच हे ठिपके लहानमोठे, वेडेवाकडे दिसतात. त्यांना रांग नसते. कुठे दोन ठिपके एकमेकांना चिकटलेले, कुठे एखादा लांबट. रंगही ठळकपणे वेगवेगळे: फिकट गुलाबी, गडद गुलाबी, विटकरी, निळसर राखाडी. चार रंगांत सगळं भागवलेलं नसतं.

ऑफसेट छपाईत ठिपके जाळीतून येतात. ते इंचाला दीडशेच्या आसपास रांगांत, ठरलेल्या कोनांत बसतात आणि चार रंगांच्या जाळ्या एकमेकींवर पडून फुलासारखी गोल नक्षी तयार होते. रंग फक्त चार: आकाशी, किरमिजी, पिवळा, काळा. ही फुलं दिसली की चित्र शिळाछपाईचं नाही, एवढं पक्कं.

इंकजेट प्रिंटमध्ये ना रांग, ना हाताचा ठिपका. अतिशय बारीक तुषार उडाल्यासारखे, कडा नसलेले ठिपके दिसतात. हल्ली ‘अँटिक ऑलिओग्राफ’ (रोगण आणि कॅनव्हासचा पोत दिलेलं जुनं छापील चित्र) म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅनव्हासवरच्या चित्रांत हा प्रकार बराच आहे. दहापट भिंगात इथे फसायला होतं, कारण तुषार इतका बारीक असतो की रंग सलग वाटतो. तीसपट लागतं ते इथे.

मधला एक प्रकार मात्र घाईत निकालात काढू नका. जाळीचे ठिपके म्हणजे नवंच, असं नसतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तीनरंगी ब्लॉकची छपाई मासिकांत आणि चित्रांत होत होती. ब्लॉकच्या छपाईत शाई दाबाखाली ठिपक्याच्या कडेला ढकलली जाते, म्हणून भिंगाखाली ठिपक्याभोवती गडद कड दिसते. कागद बहुधा गुळगुळीत, खडूसारखा. अशी तसबीर १९२०–४० च्या दरम्यानची असू शकते. शिळाछाप नसली तरी टाकाऊ नाही.

खालची अक्षरं

एकच तपासणी करायला वेळ असेल तर ही करा. चित्राखालच्या पट्टीत नाव छापलेलं असतं, कधी देवनागरीत आणि इंग्रजीतही, शेजारी छापखान्याचं नाव आणि ‘कॉपीराइट’ किंवा ‘रजिस्टर्ड’ असा शब्द. त्यातल्या एका काळ्या अक्षरावर भिंग धरा. जुन्या छपाईत अक्षर एकाच शाईचं, सलग भरलेलं असतं. कड किंचित खडबडीत असेल, पण आत ठिपके नाहीत. जुन्या प्रतीचा फोटो काढून नवी छपाई केली असेल तर अक्षरंही चित्राबरोबर जाळीतून गेलेली असतात. मग उघड्या डोळ्यांना काळा दिसणारा ‘ल’ भिंगाखाली निळ्या, लाल, पिवळ्या ठिपक्यांत फुटतो. कागद चहात बुडवून पिवळा करणाऱ्याला, कडा जाळणाऱ्याला, चौकट जुनी शोधणाऱ्याला हे लपवता येत नाही.

अडचण एवढीच की पट्टी बऱ्याचदा नसते. फ्रेमवाले चौकटीच्या मापाने ती कापून टाकत. दोन मापं नेहमी भेटतात: साधारण १४ बाय २० इंच आणि २० बाय २८ इंच. मोजमाप याहून इंच-दोन इंच कमी भरलं तर कापाकापी झाली असं समजा. पट्टी शाबूत असलेल्या प्रतीची किंमत जाणकारांकडे जास्त होते ती याचसाठी.

पट्टी आहे आणि पत्ता वाचता येतोय, तर काळ बराचसा उलगडतो. पत्ता मुंबईचा असेल तर छपाई सुरुवातीची, १८९४ ते ९९ च्या आसपासची असण्याचा संभव. कार्ला, मळवली, लोणावळा यांपैकी काही असेल तर १८९९ नंतरची. ‘अनंत शिवाजी देसाई, मोतीबाजार’ हे नाव दिसलं तर ते विक्रेत्याचं आणि प्रकाशकाचं, चित्रकाराचं नव्हे. ‘प्रिंटेड इन जर्मनी’ असं असेल तर ते वेगळंच घराणं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ब्रिजबासीसारखे प्रकाशक जर्मनीतून चित्रं छापून आणत.

चौकटीच्या मागे फ्रेमवाल्याची किंवा दुकानाची चिठ्ठी चिकटलेली असते. तिच्यावरून चौकट कधीची हे कळतं, चित्र कधीचं हे नाही, तरीही ती वाचाच. किंमत आण्यांत असेल तर चिठ्ठी बहुधा १९५७ पूर्वीची, कारण १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली. ‘न. पै.’ (नवे पैसे) असेल तर त्यानंतरच्या काही वर्षांतली. सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची.

उजेडाच्या तीन करामती

खोलीत अंधार करा आणि साधा टॉर्च चित्राच्या बाजूने, भिंतीला जवळजवळ समांतर धरा. ऑलिओग्राफ हा शब्द ज्या प्रकारासाठी आहे त्यात छपाईनंतर रोगण चढवून वर कॅनव्हाससारखा पोत दाबून उठवलेला असतो. तिरप्या उजेडात हा विणीचा पोत चेहऱ्यावर, आकाशावर, दागिन्यांवर सगळीकडे एकसारखा दिसतो. खऱ्या तैलचित्रात रंगाचे उंचवटे ब्रशच्या फटकाऱ्याप्रमाणे चालतात: मोत्यावर ठिपका उंच, पदराच्या चुणीवर लांब रेघ, आकाशात जवळजवळ सपाट. काही छापील चित्रं कापडावर चिकटवून लाकडी सांगाड्यावर ताणलेलीही असतात आणि ‘आमच्याकडे ऑइल पेंटिंग आहे’ ही समजूत बहुधा तिथून येते. सगळ्याच छापील चित्रांना पोत दिलेला नसतो. पोत नाही म्हणून चित्र नवं, असा निष्कर्ष काढू नका.

टॉर्च हळूहळू फिरवत दागिन्यांवर आणा. जुन्या छपाईत सोनेरी रंग वापरला असेल तर तो धातूच्या भुकटीचा असतो आणि उजेड सरकला की चमकतो, काही वेळा हिरवट-काळाही पडलेला असतो. नव्या छपाईतलं ‘सोनं’ पिवळ्या-तपकिरी ठिपक्यांचं. कोन बदलला तरी ते तसंच राहतं.

अतिनील टॉर्च चौकट उघडल्यावर वापरा, कागदाच्या मागच्या बाजूवर. साधारण १९५० नंतरच्या पुष्कळ कागदांत पांढरेपणासाठी चमक आणणारी रसायनं घातलेली असतात, त्यामुळे कागद निळसर पांढरा उजळतो. जुना कागद मळकट पिवळा किंवा तपकिरी, निस्तेज दिसतो. जवळ पांढरा फोटोकॉपीचा कागद तुलनेला ठेवा, फरक लगेच कळेल. दोन खबरदाऱ्या: टॉर्चकडे थेट बघू नका. आणि कागदावर चमकणारे एखाद-दोन धागे दिसले तर दचकू नका, ते डिटर्जंटने धुतलेल्या फडक्याचे असतात. कागद उजळला तर चित्र नवं हे जवळपास नक्की. न उजळणं मात्र पुरावा नव्हे, कारण अशा रसायनांविना बनलेला कागद आजही मिळतो.

आणखी एक खूण ओठांजवळ शोधा. लाल शिळा कागदावर केसभर सरकून पडली की ओठाचा रंग रेषेच्या बाहेर येतो आणि एका बाजूला फिकट कड राहते. हाताने एकामागून एक दहा-बारा शिळा जुळवताना असं व्हायचंच. पण नव्या प्रतीत हा दोषही फोटोतून जसाच्या तसा उतरतो, तेव्हा एवढ्यावर निकाल देऊ नका.

रविवर्मांच्या चित्रांच्या नकला तेव्हाही होत होत्या, पण पट्टीवरचं प्रत्येक वेगळं नाव नकलाकाराचं नसतं. पुण्याची चित्रशाळा आणि कलकत्ता आर्ट स्टुडिओ, दोन्ही १८७८ मध्ये सुरू झालेले, म्हणजे रविवर्मांच्या छापखान्याहून सोळा वर्षं जुने. त्यांची स्वतःची शिळाछापं वेगळ्या ढंगाची, आणि आमच्या मते चित्रशाळेची जुनी चित्रं रविवर्मांच्या मागे झाकोळून गेली आहेत, ते योग्य नाही. पट्टीवर चित्रशाळेचं नाव दिसलं तर ‘रविवर्मा नाही’ म्हणून हिरमुसू नका.

चौकट उघडणं

ओळख पटवायची असो की चित्र वाचवायचं असो, चौकट कधीतरी उघडावीच लागते. मागचा लाकडी फळा आणि त्यामागे कोंबलेलं वर्तमानपत्र हेच बहुधा चित्राचे सगळ्यात मोठे शत्रू असतात. दोन्हींतून आम्ल झिरपतं आणि कागद तपकिरी, ठिसूळ होतो. फळ्याच्या फटीसमोर चित्रावर उभे तपकिरी पट्टे उमटलेले दिसतात, ते यानेच.

पावसाळ्यात हे काम करू नका. कोरड्या दिवशी, मोठ्या टेबलावर जाड चादर आणि वर धुतलेलं मांजरपाट पसरा. पंखा बंद.

१. तसबीर पालथी ठेवण्याआधी पुढून, मागून आणि चारही कोपऱ्यांचे फोटो काढा.

२. काचेला तडा असेल तर आधी पुढून काचेवर कागदी चिकटपट्टी उभी-आडवी लावून घ्या. तुकडे चित्रावर पडणार नाहीत.

३. पालथी करून मागचा कागद सुरीने चौकटीच्या आतल्या कडेने कापा. चिठ्ठी असेल तर तेवढा भाग अख्खा काढून पाकिटात ठेवा.

४. चुका (बारीक खिळे) पक्कडीने सरळ वर ओढा, बाजूला वाकवू नका. गंजलेली चूक निघत नसेल तर कापा, पण डोकं चित्राच्या दिशेने उडणार नाही असं धरा.

५. फळा उचला. वर्तमानपत्राची तारीख टिपून घ्या. चौकट शेवटची कधी बंद झाली असेल याचा तो बऱ्यापैकी अंदाज.

६. आता थांबा. चित्र लगेच उचलू नका. एका कोपऱ्याखाली गुळगुळीत कागदाची पट्टी हलकेच सरकवून बघा, ते काचेपासून सुटं आहे का.

शेवटच्या पायरीवर सगळ्यात जास्त नुकसान होतं. चित्र आणि काच यांच्यामध्ये जागा सोडलेली नसेल तर दमट हवेत रोगण मऊ होऊन काचेला चिकटतं. काचेतून बघितलं तर चिकटलेला भाग ओला असल्यासारखा गडद आणि चकचकीत दिसतो. तो ओढला तर लक्ष्मीचा गाल काचेवर राहतो आणि कागद कोरा निघतो. वाफ, केस सुकवायचं यंत्र, फ्रीज, थिनर असे उपाय इंटरनेटवर सुचवलेले सापडतील. त्यातला एकही करू नका. चिकटलेलं असेल तर काचेसकट, सपाट, तसंच ठेवा आणि संवर्धकाकडे न्या. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारणा करता येते.

साफसफाई: बहुतेक ती करायची नसते

सुटं निघालेलं चित्र बघून हात शिवशिवतात. रोगण पिवळं पडल्यामुळे निळा शालू हिरवा दिसतो, पांढरी सरस्वती बिस्किटी दिसते, आणि ‘जरा पुसलं तर उजळेल’ असं वाटतं. ओला कापूस फिरवला की रोगणाच्या बारीक भेगांतून पाणी आत शिरतं, कागद फुगतो, भेगा उचलतात. शिळाछपाईची शाई तेलकट असल्याने ती पाण्याला काही काळ दाद देत नाही, पण खालचा कागद देतो. स्पिरिट किंवा टर्पेंटाइन रोगणाबरोबर रंगही ओढू शकतं. खोडरबर घासलं तर पोताच्या उंचवट्यांवरचा रंग आधी जातो.

घरी करण्याजोगं एवढंच: रुंद, अतिशय मऊ, कोरडा ब्रश चित्राच्या मधून कडेकडे, दाब न देता फिरवायचा. रंग सुटत असेल, पापुद्रे उभे असतील, तर तेही नाही. मागच्या बाजूची धूळ आणि कसरीची अंडी याच ब्रशने काढता येतात. बुरशी असेल तर आधी ती कोरडी होऊ द्या. हवेशीर सावलीत दोन-तीन दिवस ठेवा, मग तोंडाला मास्क लावून, घराबाहेर ब्रशने झटका. ओली बुरशी पुसली की कागदात भरडली जाते. उन्हात घालायची आपली सवय पापडांसाठी ठीक आहे, चित्राला ऊन दाखवू नका. किरमिजी आणि गुलाबी रंग आधी उडतात, कागद वाकतो तो वेगळाच.

फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका. तिचा चिकटा काही वर्षांत कागदात उतरतो आणि पिवळा, पारदर्शक डाग कायमचा राहतो. आधीच लावलेली असेल तर ओढूही नका. फेव्हिकॉल नको, लॅमिनेशन तर मुळीच नको, ते परत काढता येत नाही.

काही तसबिरींत देवीच्या साडीवर खरं कापड, जर, टिकल्या, खडे चिकटवलेले असतात. अशी नटवलेली प्रत मिळाली तर ‘मूळ चित्र खाली झाकलं गेलंय’ म्हणून नटवणूक खरवडू नका. तो त्या घरातल्या बायकांच्या किंवा बाजारातल्या कारागिरांच्या हातचा भाग आहे आणि संग्राहकही त्यालाच वेगळी किंमत देतात. तिला खोल चौकट लागते एवढंच.

पुन्हा मढवताना

फ्रेमवाल्याला नुसतं ‘चांगलं करा’ सांगितलं तर तो चित्र हार्डबोर्डावर पूर्ण चिकटवून देईल. त्याच्या हिशेबी ते चांगलंच, सुरकुती पडत नाही. म्हणून मागणी नेमकी करा. मागे आणि पुढे आम्लविरहित माउंट बोर्ड, पुढचा अर्थात चित्रापुरती खिडकी कापलेला. काच आणि चित्र यांत ३ ते ५ मिलिमीटर अंतर, माउंटमुळे किंवा चौकटीच्या खाचेत बसवलेल्या पट्टीमुळे. मागे एमडीएफ किंवा प्लायवूड चित्राला लागून नको, वापरायचंच तर मध्ये आम्लविरहित बोर्ड हवा. अतिनील किरण अडवणारी काच मिळाली तर उत्तम. अॅक्रिलिक हलकं असतं, पण त्यावर स्थिर वीज साठते आणि सुटलेले रंगाचे कण ती ओढून घेते, तेव्हा पापुद्रे असलेल्या चित्राला काचच बरी.

चित्र बोर्डाला चिकटवायचं नसतं, टांगायचं असतं. पट्टी शाबूत असेल तर कागदाच्या त्रिकोणी खिशांत चारही कोपरे अडकवणं सगळ्यात सोपं, चित्राला खळ लागतच नाही. मोठ्या, जड चित्राला वरच्या कडेला जपानी कागदाच्या (पातळ पण चिवट, लांब तंतूंच्या कागदाच्या) दोन किंवा तीन बिजागऱ्या, प्रत्येकी साधारण अडीच सेंटिमीटर रुंद. खालची कड मोकळी. दमट हवेत कागद पसरतो, सगळीकडून जखडला तर लाटा येतात.

बिजागरीला लागणारी खळ घरी होते. गव्हाचा स्टार्च (कणीक नव्हे, ग्लूटेन काढलेला स्टार्च) एक भाग, गाळलेलं पाणी पाच भाग. तासभर भिजवा, मग मंद आचेवर वीस ते तीस मिनिटं सतत ढवळत शिजवा. आधी दुधाळ असते ती अर्धपारदर्शक आणि घट्ट झाली की उतरवा. गार झाल्यावर बारीक गाळणीतून दाबून काढा आणि पाण्याने सायीइतकी पातळ करा. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. आंबट वास आला की टाकून द्या. जुने बाइंडर कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. ते घालू नका, तांब्याचे क्षार कागद जलद कुजवतात.

खळ लावलेल्या जागी वर-खाली टिपकागद ठेवून हलकं वजन द्या आणि पूर्ण वाळल्याशिवाय, म्हणजे निदान रात्रभर, चौकट बंद करू नका. घाईने आत कोंडलेला ओलावा हे नव्या मढवणुकीत बुरशी येण्याचं नेहमीचं कारण.

कुठे लावायची

बाहेरची भिंत टाळा, विशेषतः कोकणात आणि मुंबईत. पावसाचा मारा खाणारी भिंत आतून गार आणि ओलसर राहते, तसबिरीच्या मागे दव धरतं. आतली भिंत नसेलच तर चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, सेंटिमीटरभर हवा खेळली पाहिजे. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी असं संग्रहालयं मानतात. घरात ते जमणं कठीण, ६५ च्या खाली राहिली तरी बुरशी सहसा धरत नाही. छोटा आर्द्रतामापक त्याच भिंतीवर ठेवा. रात्री एसी आणि दिवसा बंद खिडक्या असा चढउतार मात्र एकसारख्या दमटपणाहूनही वाईट. उजेड संग्रहालयात कागदी चित्रांवर ५० लक्सच्या आसपास ठेवतात. घरात खिडकीचं ऊन थेट पडत नाही आणि चित्रावर रोखलेला दिवा नाही, एवढं पाळा. चौकटीत डांबरगोळी टाकू नका. तिची वाफ बंद जागेत चित्रावर आणि काचेवर पुन्हा स्फटिक धरते.

देवघरातली तसबीर हा वेगळाच विषय. पूजेतली तसबीर काढून कपाटात ठेवा असा सल्ला कोणी मानत नाही आणि मानायचं कारणही नाही. पण काचेवर कुंकू लावताना बोट ओलं असतं, आणि कुंकवातला रंग ओघळून काचेच्या खालच्या कडेने खाचेत उतरतो. मग तो केशाकर्षणाने चित्राच्या तळाशी चढतो. खालची पट्टी गुलाबी झालेल्या कितीतरी प्रती दिसतात, आणि छापखान्याचं नाव असतं ते नेमकं तिथेच. कुंकू कोरडं लावा, किंवा चौकटीच्या लाकडावर लावा. काच पुसायची तर पाणी फडक्यावर घ्या, काचेवर फवारू नका. निरांजन तसबिरीच्या सरळ खाली नको, हातभर पुढे सरकवा. तेलकट काजळी चौकटीच्या फटीतून आत जाते. हार तसबिरीला घालायचाच तर संध्याकाळी उतरवा, ओली फुलं रात्रभर चौकटीला टेकलेली राहू नयेत.

फोटो, आणि परदेशी न्यायची असेल तर

चौकट उघडलेली असतानाच चित्राचा चांगला फोटो काढून ठेवा. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर एकसारखे दिवे, कॅमेरा चित्राच्या बरोबर मध्यावर आणि समांतर, फ्लॅश बंद. १४ बाय २० इंचाचं चित्र इंचाला ३०० पिक्सेलने टिपायचं तर ४२०० बाय ६००० म्हणजे सुमारे २५ मेगापिक्सेल लागतात, आजच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ते बसतं. २० बाय २८ साठी ५० मेगापिक्सेल लागतील. नसतील तर २०० पिक्सेलवर समाधान माना किंवा चार भागांत फोटो घेऊन जोडा. रोगणाची चमक येत असेल तर दिवे आणखी बाजूला न्या. पट्टीवरच्या मजकुराचा आणि मागच्या बाजूचा वेगळा फोटो घ्या. देवघरात मूळ तसबिरीऐवजी याच फोटोची प्रत लावायची असेल तर तिच्या मागे छापल्याची तारीख पेनाने लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या पिढीत घोळ नको.

मुलं-नातवंडं परदेशी असतील आणि तसबीर तिकडे न्यायची असेल तर आधी कायदा बघा. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्याखाली शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. रविवर्मांच्या मूळ कलाकृती तर बहुमूल्य कलाकृती म्हणून जाहीर झालेल्या आहेत, त्यांना वयाचीही अट नाही. विमानतळावर कस्टमचा अधिकारी भिंग घेऊन ठिपके बघत बसणार नाही. त्याला रविवर्मांची सही दिसेल आणि तो सामान अडवेल. म्हणून चित्र उघड नवं असलं तरी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावशेष नाही’ असं प्रमाणपत्र प्रवासाच्या बऱ्याच आधी घ्या. अर्जासोबत चित्राचे पुढून-मागून फोटो आणि मोजमाप लागतं. चौकट उघडली तेव्हाच ते तयार ठेवले असतील तर पुन्हा चुका उपसाव्या लागत नाहीत.